नोएमी गप्प का झाली

१

समोरून म्हातारं माणूस येतंय आणि हा बाप्या 'गुड मॉर्निंग'सुद्धा म्हणत नाही! व्हर्डेल ऑनोरेचं डोकं तिथेच फिरलं. ओठ असे आवळलेले, जणू शब्द बाहेर पडला तर पगारातून कापतील. त्याने नुसती मान हलवली, काखेतलं चादरीत गुंडाळलेलं बोचकं सावरलं आणि भिंतीला घासत निघून गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये चोरसुद्धा आधी 'कसं काय, मॅम' म्हणतो, मग पर्स ओढतो.

"हा कोण?" तिने हेडबाईंना विचारलं.

"आमचे संगीत शिक्षक, मिस्टर आल्से फॉन्टेनेट. मुलं त्यांच्यावर जीव टाकतात!"

"ऑगस्टीनचा आल्से? सातव्या वॉर्डातला?" व्हर्डेल थबकली. "लहानपणी एकदा माझ्या ओसरीवरून न बोलता गेला, तर ऑगस्टीनने कान धरून परत पाठवला होता. रडत रडत 'गुड इव्हनिंग, मिस व्हर्डेल' म्हणून गेला. त्या आईचा मुलगा मुका कधी झाला?"

हेडबाई मिस व्हिटलो गोड हसल्या. त्या ओहायोच्या. कोणाच्या आईचं नाव घेतलं की काय उत्तर द्यायचं, हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

पेलिकन गेट चार्टर शाळा पाहायला येणाऱ्या घरांसाठी तो सोमवार राखून ठेवला होता. व्हर्डेलच्या लहानपणी कोपऱ्यावर जी शाळा असेल तिथे पोरगं ढकलायचं, संपला विषय. आता शाळा सरकारी, फी नाही, पण प्रत्येकीचा कारभार वेगळा, पाटी वेगळी, शिस्त वेगळी. चपला झिजवून निवडा, पसंतीची नावं क्रमाने भरा आणि मग सोडतीत आपलं नशीब काढा. नावं भरायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. व्हर्डेलची लेक टेरिका इस्पितळात दिवसपाळीला. ती सकाळीच म्हणाली होती, "आई, तुला माणसं वासावरून कळतात. तू जा. तू जे नाव सांगशील ते मी पहिलं टाकते."

भिंतीवर निकालांचे रंगीत तक्ते होते. व्हर्डेलने त्यांच्याकडे पाठ केली. सहावीत तिची शाळा सुटली, मग जन्मभर हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री. तक्ता तिला वाचता येत होता, पण चादर उलटी करून पाहता येते, तक्ता येत नाही. तिने मुलांच्या संडासात साबण आहे का ते पाहिलं. बाईंनी फळ्याकडे हात उचलला तेव्हा एखादं पोर दचकून मान खाली घालतं का ते पाहिलं. साबण होता. कोणी दचकलं नाही. एका वर्गात तर पोरं इतकी कलकलत होती की व्हर्डेलला बरं वाटलं.

कारण सगळी धडपड त्या कलकलाटासाठी होती. तिची सहा वर्षांची नात नोएमी आधीच्या शाळेत रांगेत चालताना हात पाठीमागे आणि गाल फुगवून चालायची. तोंडात हवा धरली की बोलता येत नाही, हा तिथला नियम. जेवतानाही गप्प. बडबड करून घर डोक्यावर घेणारी पोरगी हळूहळू मानेनेच हो-नाही करू लागली, तेव्हा टेरिकाने तिला तिथून काढून तात्पुरतं चर्चच्या वर्गात बसवलं. आत्ता कुठे जीभ सैल होत होती. आज गाडीत तर तिने आजीला एक मिनिट श्वास घेऊ दिला नव्हता.

मोठ्यांची फेरी संपली. मुलांना तोवर बालवर्गात गोष्ट ऐकायला बसवलं होतं. नोएमी धावत आली नाही, चालत आली. डाव्या हाताच्या बोटावर रक्ताचा बारीक थेंब सुकला होता.

"बाळा, बोटाला काय झालं?"

नोएमीने आजीकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. आणि मान हलवली.

२

व्हर्डेल गुडघे कुरकुरत असताना खाली बसली. नातीच्या डोळ्यात डोळे घातले.

"कोणी मारलं?"

मान. नाही.

"कोणी ओरडलं?"

नाही.

"मॉमॉला, आजीला सांगायचं नाही?"

पोरीचा चेहरा वाकडातिकडा झाला. अगदी हळू म्हणाली, "मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

पुन्हा ओठ बंद. पोरीचा हात व्हर्डेलने तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली, आणि बोटांना वास आला. पेपरमिंटचा.

बालवर्गाच्या मिस जनाए रोबिशो दारातच उभ्या होत्या, चेहरा पडलेला. वय पंचविशीचं, कानात हिरव्या रिंगा.

"इकडे ये गं," व्हर्डेल म्हणाली. "माझी नात तुझ्याकडे दिली होती. कुठे होती ती?"

"मला माहीत नाही, मॅम." जनाएने मान वर ठेवूनच सांगितलं. "चूक माझी आहे. गोष्ट चालू असताना एक पोरगं ओकलं, मी त्याला सांभाळत होते. नोएमी बाथरूमला जाते म्हणाली. मी सोबत कोणाला तरी द्यायला हवं होतं, दिलं नाही. लक्षात आलं तेव्हा शोधायला निघाले, तेवढ्यात ती गाण्याच्या खोलीकडून परत आली."

व्हर्डेल भांडायच्या तयारीने उभी होती. समोरून भांडणच आलं नाही. तिला जरा चुकल्यासारखं झालं.

"तू तिला गोळी दिलीस? मिंटची?"

"गोळ्या-चॉकलेटं इथे बंद आहेत, मॅम. माझी मीच कपाटामागे जाऊन खाते."

"आणि बोट?"

"तेव्हा तिने हात मागे लपवला होता. मला आत्ताच दिसलं." जनाए बोट बघायला वाकली. "माझी पोर असती तर मीही तुमच्यासारखीच उभी राहिले असते."

"माझ्यासारखं उभं राहायला अजून पुष्कळ भात खायला लागेल तुला," व्हर्डेल म्हणाली; पण आवाज खाली आला होता. "गाण्याची खोली कुठे?"

"त्या टोकाला. पण मॅम, तिच्या मागच्या खोलीला कुलूप असतं. तिथे कोणीच जात नाही."

३

मागच्या खोलीच्या दाराला काच होती आणि काचेला आतून काळा कागद. व्हर्डेल तिथे पोचली तर हेडबाई आधीच दाराला पाठ लावून उभ्या.

"मिस व्हर्डेल! वाचनालय पाहिलंत का? आमचं वाचनालय फार..."

"ही खोली दाखवली नाहीत."

"अं, ही? इथे ओल आहे. भिंतींना. काम काढायचंय."

ओल! व्हर्डेलने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाई अर्धा पाऊल मागे सरकल्या. अख्खं गाव बुडवणाऱ्या महापुरानंतर घराच्या भिंती तिने स्वतः कमरेपर्यंत खरवडल्या होत्या. बुरशीचा वास तिच्या नाकात कायमचा जाऊन बसला होता. तिने दाराच्या फटीशी नाक नेलं. ओलीचा मागमूस नाही. दाराबाहेर पुठ्ठ्याची खोकी थेट जमिनीवर रचलेली, कडा कडकडीत. भिंत ओली असती तर ती केव्हाच भिजून बसली असती.

म्हणजे बाई खोटं बोलत होत्या.

"बुटाची नाडी सुटली," असं म्हणत व्हर्डेल वाकली. दाराखालच्या फटीतून आतला उजेड येत होता. उजेडात खुर्चीचे पाय दिसले. आखूड, लाल रंगाचे. बालवर्गातली खुर्ची.

आधीच्या शाळेतही एक खोली होती. तिला 'विचार करायची खोली' म्हणत. बोलणाऱ्या पोरांना तिथे एका खुर्चीवर बसवून दार लावून घेत. नोएमी तिथे किती वेळा बसली ते तिने कधीच सांगितलं नाही. रात्री झोपेत मात्र खुर्ची, खुर्ची म्हणायची.

व्हर्डेल ताडकन उठली. "आत कोण आहे?"

"कोणी नाही, मॅम. खरंच."

त्याच क्षणी आत काहीतरी बारीकसं जमिनीवर सांडलं. टपटप, टपटप, आणि मग दूरवर घरंगळत गेलं. पाठोपाठ पुरुषाचा दबलेला आवाज आला, "अरे देवा."

मिस व्हिटलो कानांपर्यंत लाल झाल्या. "मी वचन दिलंय," त्या पुटपुटल्या. "मला विचारू नका."

एकाच शाळेत, एकाच सकाळी, सहा वर्षांची पोर आणि पन्नाशीची हेडबाई, दोघींची तोंडं एकाच माणसाने शिवली होती. दारावर लाथ घालावी असं व्हर्डेलला वाटलं. फोनही हातात घेतला: टेरिकाला सांगायचं, या शाळेचं नाव काट. पण तिचं बोट बटणावर थांबलं. नोएमी तिच्या झग्याला धरून उभी होती आणि त्या दाराकडे बघत होती.

भीती तिच्या डोळ्यात नव्हती. ती हसू दाबत होती.

४

डोकं तापलं की व्हर्डेल स्वयंपाकघर गाठते. शाळेचंही स्वयंपाकघर तिला पाहायचंच होतं. पोरांच्या थाळ्या कशा परत येतात यावरून शाळा कळते असं तिचं मत. थाळ्या चाटूनपुसून आल्या होत्या. सोमवार म्हणून गावच्या रिवाजाने लाल राजमा-भात, वर तिखट सॉसेज. स्वयंपाकीण मिस बर्ट्रिल मोठा डाव घेऊन उभी. दोघींनी एकमेकींना नखशिखांत पाहिलं.

"कांदा जरा आधी घालत जा," चव घेऊन व्हर्डेल म्हणाली.

"तुमच्या घरी घालीन," बर्ट्रिल म्हणाली, आणि दोघींची मैत्री झाली.

ओट्याच्या कडेला एक थाळी झाकून ठेवली होती.

"कोणाची?"

"आल्से मास्तरची. ठेवते आपली, आणि तशीच परत उचलते. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापासून दुपारी फिरकत नाही. सोमवारचा राजमा सोडणारा न्यू ऑर्लिन्सचा माणूस मी जन्मात पाहिला नाही हो. मला वाटलं माझाच हात बिघडला."

"आजारी आहे?"

"आजारी कसला! डोळे गेलेत, एवढंच. चष्मा नवा कर म्हटलं तर वेळ नाही म्हणतो. परवा माझ्याकडे चहाचा चमचा मागायला आला आणि काटा घेऊन गेला." बर्ट्रिलने आवाज उतरवला. "आणि घरीही त्याला चैन नाही. शेजारी कोण राहायला आलंय? गावाच्या त्या टोकाच्या, अपटाउनच्या टोळीचा रूझवेल्ट. सगळा दिवस भिंतीला कान आणि खिडकीला डोळा लावून बसलेला असतो मेला."

व्हर्डेलचा चमचा हवेत राहिला.

"मार्डी ग्राच्या सणाला किती अवकाश आहे गं?"

"आता काय, आलाच की."

व्हर्डेलने नोएमीचा हात पुन्हा नाकाशी धरला. या वेळी तिने डोळे मिटले. मिंटच्या त्याच वासात तिचा थोरला भाऊ कितीतरी हिवाळे माजघरात बसलेला असायचा, मांडीवर कापड, आणि पोरांना आत यायला बंदी. तिला हसू फुटलं. इतकं की बर्ट्रिल डाव खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

पण हसू ओसरलं तेव्हा राग तिथेच बसलेला होता. फक्त त्याने जागा बदलली होती.

"चल नोएमी," ती म्हणाली. "मला एका माणसाशी बोलायचंय. बर्ट्रिल, ती थाळी दे इकडे."

५

हेडबाई अजून दारापाशीच होत्या. जनाएही येऊन उभी राहिली होती. व्हर्डेलने थाळी खोक्यावर ठेवली आणि दारावर दोनदा टकटक केलं.

"आल्से, दार उघडू नकोस."

मिस व्हिटलोंना काही कळेना. "उघडू नकोस?"

"बाई, आत जे आहे ते मला बघायचं नाही. मी चांगल्या घरातली आहे." व्हर्डेल दाराकडे वळली. "आल्से, तू मला सकाळी बोलला नाहीस. ऑगस्टीनचा मुलगा, आणि बोलला नाहीस. मी आधी मनात शिव्या दिल्या, मग विचार केला. बोलायचं नव्हतं असं नाही, तोंड उघडता येत नव्हतं. शिवणारे लोक सुया ओठांत धरतात. काखेत चादरीत गुंडाळलेलं बोचकं होतं, म्हणजे हात मोकळे नव्हते. माझ्या नातीच्या बोटाला सुई टोचलीय आणि हाताला मिंटचा वास येतोय. गोळी तिला कोणी दिली नाही. मणी ओवायला दोरा कुठला वापरता तुम्ही? दातांच्या फटी साफ करायचा, मिंटच्या वासाचा. साध्या दोऱ्याला पिसांचा भार सोसत नाही. माझा भाऊही तोच वापरायचा. दुकानदार त्याला विचारायचा, तुला दात आहेत तरी किती?"

आतून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"राजांच्या सणापासून तू दुपारी जेवत नाहीस, कारण मार्डी ग्रा जवळ आलाय आणि पोशाख अर्धा आहे. घरी शिवता येत नाही, कारण शेजारी अपटाउनचा हेर. त्या सकाळी टोळी मणीपिसांच्या पोशाखात नाचत-गात रस्त्यावर उतरेपर्यंत तुझ्यासारख्या चीफचा, म्होरक्याचा रंग दुसऱ्या टोळीला कळता कामा नये. म्हणून ही खोली. म्हणून काळा कागद. आणि डोळे इतके अधू की सुईत दोरा जात नाही. बाथरूम शोधत एक पोरगी आली, तिचे डोळे सहा वर्षांचे. तू तिला बालवर्गाच्या खुर्चीवर बसवलंस आणि सुया ओवून घेतल्यास. चुकलं असेल तर सांग."

मग आतून, शाळकरी पोरासारखं:

"गुड आफ्टरनून, मिस व्हर्डेल."

"आता सुचलं!"

"मला वाटलं होतं, ओल म्हटलं की कोणी आत जायचं नाव घेणार नाही," हेडबाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी मला शपथ घातली होती. सणाचं काहीतरी आहे, एवढंच मला कळलं."

"बाई, या गावात ओल म्हणणं म्हणजे होडीत बसलेल्याला होडीला भोक पडलंय म्हणून सांगणं, तो आधी तळ चाचपणारच. पुढच्या वेळी खोटं बोलायचं झालं तर आधी बर्ट्रिलला विचारा. त्याहून बरं म्हणजे बोलूच नका. 'दाखवता येत नाही' म्हणा, आम्हाला कळतं."

मिस व्हिटलोंनी मान डोलावली. या खेपेला त्या हसल्या नाहीत, आणि त्यामुळे व्हर्डेलला पहिल्यांदाच त्या बऱ्या वाटल्या.

"आता बाहेर ये," व्हर्डेलने दाराला सांगितलं. "मी पाठ फिरवते. सगळ्यांनी फिरवा." तिने नोएमीच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"मॉमॉ, पण मी तर बघितलंय!"

"मग आता पुन्हा नको बघूस."

दार उघडलं, लागलं, कुलूप फिरलं. व्हर्डेल वळली. आल्से फॉन्टेनेट समोर उभा होता, केसांत पिसाचा एक तंतू अडकलेला. व्हर्डेलने हात वर करून तो उचलला आणि रंग कोणाला दिसायच्या आत मुठीत दाबून खिशात टाकला. तो रंग इथेही कोणी विचारू नये.

"मिस व्हर्डेल, तुमचे उपकार..."

"उपकार राहू दे बाजूला. या पोरीने तुला शब्द दिलाय. तो परत कर. माझ्यासमोर."

आल्सेला कळलं. त्याचं हसू विरलं. एवढा धिप्पाड माणूस जमिनीवर गुडघे टेकून बसला.

"नोएमी, मी तुला म्हणालो, आजीलाही सांगू नकोस. ते चुकलं. आजीला सगळं सांगायचं. नेहमी."

नोएमीने आजीकडे पाहिलं, आजीने मान हलवली, आणि बांध फुटला. "मॉमॉ, आत इतकं मोठं आहे, इतकं, माझ्यापेक्षा मोठं, आणि मणी एवढेसे, मी सुईत दोरा एका फटक्यात घातला, मिस्टर आल्सेला नाहीच जमत, ते जीभ बाहेर काढतात, मग मला टोचलं पण मी रडले नाही, आणि ते गाणं म्हणत होते, मला दुसरी ओळ येते, आणि वर एक पक्षी आहे आणि तो सगळा... रंग सांगू?"

"रंग नको!" चौघंही एकदम ओरडले.

"बरं. पण त्याचे डोळे आरशाचे आहेत, आणि..."

जनाए हसता हसता डोळे पुसत होती. नोएमी तिच्या हाताला धरून पुढचं सांगत राहिली. व्हर्डेलने तो आवाज क्षणभर नुसता ऐकला. मग खोक्यावरची थाळी उचलून तिने आल्सेच्या हातात दिली.

"खा. आणि खाताना ऐक. एका शाळेने या पोरीची जीभ बांधली होती, ती आत्ता कुठे सुटतेय. तू मारून नाही, गोड बोलून पुन्हा बांधलीस. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण उद्या कोणी वाईट माणूस तिला म्हणेल, घरी सांगू नकोस. तेव्हा तिला वाटेल, मिस्टर आल्सेही असंच म्हणाले होते, म्हणजे ठीकच असणार. भीती मला त्या माणसाची आहे, आणि त्याची वाट तू झाडून ठेवलीस. टेरिकाला मी याच शाळेचं नाव पहिलं टाकायला सांगणार आहे. सोडतीत लागो न लागो. ते या जनाएसाठी, जिने चूक झाली तेव्हा डोळ्याला डोळा भिडवून कबूल केली. तुझ्यासाठी नाही. मार्डी ग्राच्या सकाळी तू माझ्या ओसरीसमोरून जाशील तेव्हा तू चीफ, मी उठून उभी राहीन आणि तू गावात सगळ्यात देखणा आहेस असं ओरडून सांगीन. पण या इमारतीत तू मास्तर आहेस आल्से, आणि ज्या मास्तरला पोरांच्या घरापासून काही लपवावं लागतं त्याला मी माझं मांजरसुद्धा शिकवायला देणार नाही."